हरवलेला '१' आणि कोड वाचायची जुनी रीत

दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नावडतं काम. नवीन काही लिहायला द्या, पोरं रात्र रात्र जागतील. पण 'हे मॉड्यूल चार वर्षांपूर्वीचं आहे, लिहिणारा केव्हाच सोडून गेलाय, जरा समजून घे' म्हटलं की चेहरे उतरतात. याचं कारण अगदी साधं आहे. वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मराठी शिकताना आपण आधी धडे वाचले, मग निबंध लिहिले. प्रोग्रॅमिंग शिकताना मात्र पहिल्याच तासाला 'हॅलो वर्ल्ड' लिहायला घेतलं, आणि दुसऱ्याचा एखादा खराखुरा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची वेळ डिग्री हातात पडेपर्यंत आलीच नाही.

मंडळी, आज ज्या माणसाबद्दल लिहितोय त्यानं हा क्रम उलटा करून दाखवला होता. नाव जॉन लायन्स, गाव सिडनी, काळ १९७६-७७. त्यानं विद्यार्थ्यांसमोर अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम ठेवली आणि सांगितलं, वाचा. आणि नुसतं 'वाचा' म्हणून मोकळा झाला नाही, तर कसं वाचायचं हेही ओळ न् ओळ धरून दाखवलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. १९७३ मध्ये त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, सी भाषेत नव्यानं लिहिला गेला. जुलै १९७४ मध्ये या दोघांचा लेख एसीएमच्या मासिकात आला आणि जगभरच्या विद्यापीठांतून 'आम्हालाही पाठवा' अशी पत्रं सुरू झाली. आता बेल लॅब्ज ही एटीअँडटीची, आणि १९५६ च्या एका कोर्टाच्या तडजोडीमुळे एटीअँडटीला टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात पडायची बंदी होती. त्यामुळे युनिक्स विकता येत नव्हतं. विद्यापीठांना ते नाममात्र पैशात, सोर्स कोडसकट मिळायचं. मदत मात्र शून्य. काही बिघडलं तर आपलं आपण बघायचं. आणि आपलं आपण बघायचं म्हणजे काय? तर कोड वाचायचा.

लायन्स यांचा जन्म १९३७ चा. शिक्षण सिडनीत, डॉक्टरेट केंब्रिजची, मग काही वर्षं उत्तर अमेरिकेत नोकरी, आणि १९७२ मध्ये परत सिडनीला, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात. १९७४ चा तो लेख त्यांच्याही वाचनात आला आणि युनिक्सची टेप त्यांच्या विभागात दाखल झाली. १९७५ च्या मे महिन्यात युनिक्सची सहावी आवृत्ती निघाली. तीच ही आपल्या गोष्टीतली.

ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवायच्या तेव्हा दोन पद्धती होत्या (खरं तर आजही बऱ्याच ठिकाणी याच दोन आहेत). एक, फळ्यावर सिद्धांत शिकवा. पेजिंग म्हणजे काय, डेडलॉकच्या चार अटी कोणत्या, पाच मार्कांसाठी टीप लिहा. दोन, छोटीशी खेळण्यातली सिस्टीम लिहायला लावा. लायन्स यांनी तिसरी वाट धरली. रोज वापरात असलेली, खरीखुरी सिस्टीम घेऊन ती पूर्ण वाचायची. आणि हे शक्य होतं, कारण सहाव्या आवृत्तीच्या कर्नलचा त्यांनी निवडलेला भाग होता जेमतेम ९,००० ओळींचा. आजच्या लिनक्स कर्नलच्या ओळी तीन कोटींच्या वर आहेत, यावरून अंदाज करा.

पण ९,००० ओळीसुद्धा समोर आल्या की घाम फुटतो. कुठून सुरुवात करायची? फाइलींची नावं अक्षरांच्या क्रमानं लावली तर त्या क्रमाला काही अर्थ नसतो. लायन्स यांनी त्यावर जे केलं ते वाचताना मला शाळेतला संस्कृतचा तास आठवला. बाई श्लोक कसा शिकवायच्या? आधी पदच्छेद, म्हणजे संधी सोडवून शब्द सुटे करायचे. मग प्रत्येक पदाचा अर्थ. समास असेल तर विग्रह. मग अन्वय, म्हणजे छंदासाठी इकडेतिकडे गेलेले शब्द बोलण्याच्या क्रमानं लावायचे. जुन्या टीकाकारांच्या पद्धतीत याच्यापुढे आणखी दोन गोष्टी येतात: आक्षेप आणि समाधान. म्हणजे 'हे असं का म्हटलं?' असा प्रश्न उभा करायचा आणि त्याचं उत्तर द्यायचं.

लायन्स यांना आपल्याकडच्या टीकापरंपरेची माहिती असायचं काही कारण नाही. पण त्यांनी केलं ते जवळपास हेच. त्यांनी दोन वह्या तयार केल्या. एकीत फक्त मूळ कोड, दुसरीत फक्त टीका. दोन्ही शेजारी उघड्या ठेवून वाचायच्या. काही डिव्हाइस ड्रायव्हर गाळून कोड आटोपशीर केला. मग उरलेल्या फाइली पाच भागांत लावल्या: मशीन सुरू होणं आणि प्रोसेस; इंटरप्ट, ट्रॅप आणि सिस्टीम कॉल; स्वॅपिंग आणि डिस्क; फाइली आणि डिरेक्टऱ्या; आणि शेवटी टर्मिनल, प्रिंटर वगैरे अक्षर-अक्षर बोलणारी उपकरणं. हा झाला अन्वय. शेवटी प्रत्येक ओळीला नंबर दिला. एका पानावर दोन रकान्यांत मिळून शंभर ओळी, आणि ओळीच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे पानाचा नंबर. २२३८ म्हटलं की बावीसावं पान, अडतिसावी ओळ. बोट ठेवून बोलता येतं. वर्गात चाळीस जण एकाच वेळी एकाच ओळीकडे बघू शकतात. वरवर क्षुल्लक वाटतं, पण ज्यानं कधी फोनवर कुणाला 'अरे ते खालचं फंक्शन, नाही नाही, त्याच्या वरचं' असं समजावलंय त्याला याची किंमत कळेल.

आता ही रीत चालते कशी ते एका उदाहरणावरून बघू. कर्नलमधलं सगळ्यात गाजलेलं कोडं घेतो. प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी घाबरू नका, गोष्ट चोर-पोलिसाचीच आहे.

पायरी पहिली: सुरुवात कुठे होते ते शोधा. मशीन सुरू झाल्यावर असेंब्लीतल्या थोड्याशा ओळी चालतात आणि मग 'मेन' नावाचं फंक्शन येतं, ओळ १५५०. हे मेमरी साफ करतं, किती मेमरी आहे ते मोजतं आणि पहिली प्रोसेस, म्हणजे प्रोसेस क्रमांक शून्य, हातानं घडवतं. हातानं, कारण तिला जन्म द्यायला तिच्या आधी कुणीच नाही. त्यानंतरच्या सगळ्या प्रोसेस मात्र आधीच्या एखाद्या प्रोसेसची प्रत काढून बनतात, आणि प्रत काढायचं काम 'न्यूप्रॉक' नावाचं फंक्शन करतं.

मेन न्यूप्रॉकला बोलावतं आणि त्याचं उत्तर तपासतं. साध्या मराठीत सांगायचं तर: 'उत्तर १ आलं तर तू नवीन प्रोसेस आहेस, जा आणि इनिट नावाचा प्रोग्रॅम सुरू कर. उत्तर ० आलं तर तू जुनीच आहेस, शेड्यूलर म्हणून कामाला लाग.' इनिट महत्त्वाचा, कारण लोकांना लॉगिन करता येतं ते त्याच्यामुळे. तो सुरू झाला नाही तर मशीन म्हणजे निव्वळ कपाट.

पायरी दुसरी: बोलावलेल्या फंक्शनच्या आत जा. न्यूप्रॉक, ओळ १८२६. वाचत जा. प्रोसेसच्या तक्त्यात रिकामी जागा शोधली (तक्त्यात एकूण जागा ५०, म्हणजे अख्ख्या मशीनवर एका वेळी जास्तीत जास्त ५० प्रोसेस). नवा नंबर दिला. उघड्या फाइलींच्या नोंदी वाढवल्या. मेमरीची प्रत काढली. आणि शेवटची ओळ: शून्य परत कर.

थांबा. शून्य? मग ते १ कुठेय?

पुन्हा वरपासून वाचा. न्यूप्रॉकमध्ये १ परत करणारी ओळच नाही. म्हणजे कागदावर बघितलं तर मेनमधली ती 'उत्तर १ आलं तर' वाली कामं कधीच होणार नाहीत. पण मशीन तर सुरू होतं, लोक लॉगिन करतात. म्हणजे ते १ कुठून तरी येतंय. कुठून?

इथे वाचणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो 'असेल काहीतरी' आणि पुढे जातो. दुसरा पेन्सिल उचलतो.

पायरी तिसरी: नवीन शब्द आला की त्याचा अर्थ लावल्याशिवाय हलू नका. न्यूप्रॉकच्या आत एक 'सेव्हयू' नावाचं कार्टं आहे. सहज नजरेतून सुटतं. ते असेंब्लीत लिहिलंय, अगदी थोड्या ओळींचं. ते काय करतं हे समजायला स्टॅक म्हणजे काय ते माहीत हवं. स्टॅक म्हणजे चिठ्ठ्यांची चळत समजा. एखादं फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा 'काम झालं की इथे परत ये' अशी चिठ्ठी चळतीवर ठेवतं. काम संपलं की वरची चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर लिहिलंय तिकडे जायचं. प्रत्येक प्रोसेसची कर्नलमधली चळत वेगळी, आणि ती प्रोसेसच्या स्वतःच्या माहितीबरोबर १,०२४ बाइटच्या एका तुकड्यात ठेवलेली असते. सेव्हयू एवढंच करतं की 'चळतीत आत्ता मी या उंचीवर आहे' ही नोंद त्या तुकड्यात लिहून ठेवतं. त्याचा जोडीदार 'रेटयू'. तो दुसऱ्या प्रोसेसचा तुकडा समोर आणतो आणि तिनं नोंदवलेल्या उंचीवर जाऊन उभा राहतो. म्हणजे रेटयू बोलावलं की तुमच्या हाताखालची चळतच बदलते!

पायरी चौथी: आता क्रम लावा. न्यूप्रॉकनं आधी सेव्हयू बोलावून उंची नोंदवली आणि त्यानंतर मेमरीची प्रत काढली. म्हणजे प्रतीमध्ये काय काय गेलं? चळत गेली, चळतीवरच्या चिठ्ठ्या गेल्या, आणि 'मी न्यूप्रॉकच्या आत आहे' ही नोंदही गेली. नव्या प्रोसेसनं आयुष्यात एकही ओळ चालवलेली नाही, पण तिच्या कागदपत्रांनुसार ती न्यूप्रॉकच्या मध्यात कुठेतरी थांबलेली आहे. जुनी प्रोसेस पुढे जाते, शून्य परत करते, तिचा विषय संपला.

पायरी पाचवी: नव्या प्रोसेसला पहिल्यांदा जाग कोण आणतं? एका प्रोसेसकडून दुसरीकडे जायचं काम 'स्विच' या फंक्शनचं (मूळ नावात आय गाळलाय, त्या काळी अक्षरांची फार काटकसर). ओळ २१७८. स्विच आधी चालू प्रोसेसची उंची नोंदवतं, मग शेड्यूलरच्या चळतीवर उभं राहून चालायला तयार असलेली सगळ्यात महत्त्वाची प्रोसेस शोधतं, आणि रेटयू बोलावून तिच्या चळतीवर उडी मारतं. आणि स्विचची शेवटची ओळ काय आहे? १ परत कर.

सापडला!

स्विचनं ही शेवटची ओळ चालवली तेव्हा हाताखाली चळत आहे नव्या प्रोसेसची. तिच्यावरची वरची चिठ्ठी आहे न्यूप्रॉकच्या मालकाची, म्हणजे मेनची. त्यामुळे १ घेऊन नियंत्रण पोचतं ते स्विचला बोलावणाऱ्याकडे नव्हेच, थेट मेनमध्ये, न्यूप्रॉकचं उत्तर म्हणून. न्यूप्रॉकला एकदा बोलावलं आणि ते दोनदा परत आलं. एकदा स्वतःच्या दारातून शून्य घेऊन, एकदा शेजाऱ्याच्या दारातून १ घेऊन. युनिक्सचा प्रसिद्ध 'फोर्क' हा कॉल आई आणि मुलाला वेगळी उत्तरं देतो, त्याच्या तळाशीही हीच युक्ती आहे.

मला हे कळलं ते कागदावर दोन चळती शेजारी शेजारी काढून, प्रत्येक ओळीनंतर बाण हलवल्यावर. स्क्रीनकडे टक लावून बसण्यात काही अर्थ नव्हता, कारण स्क्रीनवर फक्त कोड दिसतो आणि कोडं होतं चळतीत. परका कोड फोडायचा म्हणजे नुसते त्याचे तुकडे करणं पुरत नाही. न्यूप्रॉक वेगळं वाचा, स्विच वेगळं वाचा, दोन्ही सोपी आहेत. तुकडे मशीन ज्या क्रमानं चालवतं त्या क्रमानं लावले तरच ते बोलायला लागतात. नुसता पदच्छेद करून भागत नाही, अन्वय लावावा लागतो.

आता गोष्टीतला खरा मसाला. स्विचमध्येच, त्या शेवटच्या ओळीच्या थोडं आधी, आणखी एक भानगड आहे. मेमरी कमी पडली की प्रोसेस डिस्कवर हलवली जाते. अशी प्रोसेस परत आली तर उंचीची एक दुसरीच नोंद वापरून पुन्हा एकदा चळतीत जागा बदलावी लागते. त्यावर एक कमेंट लिहिलेली आहे, आणि तिच्या शेवटी, ओळ २२३८ वर, वाचणाऱ्याला हे कळावं अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाचं एक वाक्य आहे. संगणकाच्या इतिहासातली ही बहुधा सगळ्यात प्रसिद्ध कमेंट. पुढे लोकांनी ती टी-शर्टवर छापली, सही म्हणून वापरली. बऱ्याच जणांना वाटलं की हा युनिक्सवाल्यांचा माज आहे, की बाबा तुमच्या डोक्यावरून जाईल, सोडून द्या.

डेनिस रिची यांनी पुढे स्वतःच याचा खुलासा लिहून ठेवला. त्यांचं म्हणणं, हेतू माजाचा नव्हता. 'हे परीक्षेला येणार नाही' या चालीवर ते लिहिलं होतं. पण त्याच्यापुढे त्यांनी जे कबूल केलंय ते फार मोलाचं आहे. खरी अडचण अशी होती की तिथे नेमकं काय चाललंय ते त्यांनाही पूर्ण कळलेलं नव्हतं.

म्हणजे कसं? वरची युक्ती आठवा. एका फंक्शननं नोंद करायची आणि दुसऱ्याच फंक्शनच्या दारातून बाहेर पडायचं. हे चालतं कधी? जर दोन्ही फंक्शनांची बाहेर पडायची पद्धत तंतोतंत सारखी असेल तर. पीडीपी-११ वरचा सी कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच साच्यातला कोड टाकायचा, त्यामुळे कुणाच्याही दारातून कुणीही बाहेर पडलं तरी चालून जायचं. पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स इंटरडेटा ८/३२ या वेगळ्या मशीनवर न्यायला घेतलं. तिथला कंपायलर कोणते रजिस्टर जपून ठेवलेत त्यानुसार प्रत्येक फंक्शनचा शेवट वेगळा करायचा. झालं, युक्ती कोसळली. तिचा पायाच चुकीचा होता, इतकी वर्षं एका कंपायलरच्या सवयीवर तग धरून होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत हा सगळा भाग नव्यानं लिहिला गेला. आता नोंद करणारं फंक्शनच सांगतं की 'मी आत्ता नोंद केली' की 'मी नोंदीवरून परत आलो', आणि ज्यानं नोंद केली तोच आपल्या दारातून बाहेर पडतो. वाचायला सोपं झालं आणि बरोबरही झालं.

मला या सगळ्या प्रकरणातून मिळालेली गोष्ट ही. परका कोड वाचताना एखाद्या जागी अडलो की आपण पहिला संशय स्वतःवर घेतो. आपल्यालाच अक्कल कमी, लिहिणारे मोठे लोक. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण पायरी पायरीनं, एकही शब्द न गाळता तिथपर्यंत पोचल्यावरही अडलो, तर शक्यता अशी असते की लिहिणाऱ्याची समजही नेमकी त्याच ओळीपाशी संपली होती. नीट वाचणाऱ्याला तीच जागा सापडते. टीकाकारांच्या यादीत 'समाधान' याच्या आधी 'आक्षेप' येतो तो उगाच नाही. लायन्स यांनीही कोडला देव मानलं नाही. टीकेत त्यांनी शंका काढल्या, जागोजाग प्रश्न उभे केले आणि विद्यार्थ्यांना सुधारणा सुचवायला लावल्या.

पण आक्षेप घ्यायला आधी वाचायला मिळालं पाहिजे. आणि इथे गोष्टीला वळण लागतं.

लायन्स यांची दोन पुस्तकं १९७७ मध्ये इतर विद्यापीठांतही जाऊ लागली. ज्यांच्याकडे युनिक्सचं लायसन्स होतं त्यांनाच ती घेता येत. तोवर एटीअँडटीच्या लक्षात आलं होतं की आपल्या हातात सोनं आहे. १९७९ च्या जानेवारीत सातवी आवृत्ती आली ती नव्या अटी घेऊन. वर्गात सोर्स कोड शिकवायचा नाही. म्हणजे जो कोड विद्यार्थ्यांनी ओळ न् ओळ वाचला, त्याचीच पुढची आवृत्ती फळ्यावर लिहिणं नियमबाह्य ठरलं. लायन्स यांचं पुस्तकही लायसन्सधारकांच्या कपाटात बंद झालं.

मग जे व्हायचं तेच झालं. झेरॉक्स! प्रतीची प्रत, तिची प्रत, पाचव्या-सहाव्या पिढीची पुसट पानं. कित्येक वर्षं जगभरच्या युनिक्सवाल्यांकडे हे पुस्तक असं होतं, आणि ज्याच्याकडे होतं तो ते सांगायचा नाही. (इंजिनिअरिंगला असताना सिनिअरकडून मिळालेल्या पुसट नोट्स आठवल्या ना?) गंमत बघा, आपल्या काळात सगळ्यात जास्त हात फिरलेलं संगणकाचं पुस्तक हे कोड लिहायचं नव्हतं, वाचायचं होतं.

बंदीचा दुसरा परिणाम अ‍ॅमस्टरडॅममध्ये झाला. अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकापुढे प्रश्न होता की आता वर्गात दाखवायचं काय. त्यांनी शून्यातून मिनिक्स नावाची छोटी सिस्टीम लिहिली आणि १९८७ मध्ये पुस्तकासोबत तिचा कोडही छापला. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्सनं ते पुस्तक वाचलं, मिनिक्स घेतलं, आणि १९९१ च्या सप्टेंबरमध्ये स्वतःच्या कर्नलची पहिली प्रत ठेवली. ती होती दहा हजारांच्या आसपास ओळींची. लायन्स यांच्या वहीएवढीच म्हणा ना.

खुद्द लायन्स यांचं पुस्तक रीतसर छापलं गेलं ते थेट १९९६ मध्ये, तेव्हा युनिक्सचे हक्क बाळगणाऱ्या सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीनं परवानगी दिल्यावर. लिहिल्यापासून एकोणीस वर्षांनी. तब्येतीमुळे लायन्स त्याआधीच निवृत्त झाले होते. ५ डिसेंबर १९९८ रोजी ते गेले. २००२ मध्ये काल्डेरा या कंपनीनं जुन्या युनिक्सचा कोडच खुल्या लायसन्सखाली मोकळा केला. आज घरच्या लॅपटॉपवर पीडीपी-११ चा सिम्युलेटर टाकून सहावी आवृत्ती चालवता येते. मी एका जोडून आलेल्या सुट्टीत हे केलं. लॉगिन आलं तेव्हा, खरं सांगतो, ते हरवलेलं १ डोळ्यांसमोर आलं. ते पोचलं म्हणूनच लॉगिन आलं ना!

एमआयटीनंही २००२ नंतर काही वर्षं ऑपरेटिंग सिस्टीमचा वर्ग हाच जुना कोड आणि लायन्स यांची टीका घेऊन चालवला. मग २००६ मध्ये तिथल्या लोकांनी सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर आजच्या सी भाषेत एक्सव्ही-६ लिहिलं. छापील प्रतीत लायन्स यांचीच पद्धत: पानावर शंभर ओळी, ओळीच्या नंबरात पानाचा नंबर. हे एक्सव्ही-६ आयआयटी मुंबईतही शिकवलं गेलंय. म्हणजे सिडनीतल्या त्या दोन वह्यांचा धागा पवईच्या तळ्यापर्यंत येतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आज कशाला? तर आजच जास्त. कोड लिहून द्यायला आता एआय बसलंय. पाच मिनिटांत पाचशे ओळी समोर येतात, चालतातही. त्या लिहिणाऱ्याला जाऊन विचारायची सोय नाही की बाबा रे, हे इथे का केलंस. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर रोज परका कोड येऊन पडतोय, आणि तो 'चालतोय' एवढ्यावर सोडून द्यायचा मोह रोज होतोय. स्विचमधली ती युक्तीही चालतच होती. मशीन बदलेपर्यंत.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात आता लायन्स यांच्या नावानं एक प्राध्यापकपद आहे. त्या पदावरचे गर्नॉट हायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सेल-४ नावाचा एक छोटा कर्नल जगासमोर ठेवला. सी भाषेत सुमारे ८,७०० ओळी. त्याचं वैशिष्ट्य असं की तो त्याच्या ठरवून दिलेल्या वर्णनाप्रमाणेच वागतो हे त्यांनी गणितानं, मशीनकडून तपासून घेतलेल्या पुराव्यानं, सिद्ध केलं. ज्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी सुमारे ९,००० ओळी बोट ठेवून वाचल्या, तिथेच तीस-बत्तीस वर्षांनी जवळपास तेवढ्याच ओळींबद्दल 'यातली एकही ओळ न समजता सोडलेली नाही' असं म्हणण्याची सोय झाली. तिथे कुणाला 'हे कळावं अशी अपेक्षा नाही' अशी कमेंट लिहायची मुभाच नव्हती.

असो. या सोमवारी कुणी तुमच्या गळ्यात जुनं मॉड्यूल मारलं तर कुरकुर जरूर करा, तो आपला हक्क आहे. मग एक कोरा कागद घ्या, सुरुवात कुठे होते ते शोधा, आणि ज्या उत्तराची ओळच सापडत नाही तिथे थांबा. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच सुरू होते.